रिकाम्या बार्जवरचा दोर

बसा. डीपी उडाली म्हणजे आता तास-दीड तास लाइट येत नाही. योगिता, तो मोबाइलचा टॉर्च बंद कर, डोळ्यांत जातो. चेतन, जिन्याचं दार लोटून घे, आपटतंय मघापासून. हां.

परवा तुम्ही विचारत होता ना, गल्लीच्या टोकाचा भाईदास एवढा धट्टाकट्टा माणूस, दर्यावरची चांगली नोकरी सोडून परत लूमवर का आला? ते मी त्याच्याच तोंडून ऐकलंय. एकदाच. दुसऱ्यांदा विषय काढला की तो चहा अर्धा ठेवून उठतो. म्हणून जे ऐकलं आणि जे पाहिलं तेच सांगतो, माझ्या पदरचं काही घालत नाही.

भाईदास आपल्या खानदेशातला, तापीकाठच्या प्रकाशा गावाजवळचा. बाप तापीत होडी चालवायचा. पोरगा चालायला लागायच्या आधी पोहायला शिकला म्हणतात. सुरतेला आला तेव्हा पांडेसऱ्यात लूमवर होता, मग इच्छापोरला ठेकेदाराकडे, आणि मग कुणीतरी सांगितलं म्हणून मगदल्ल्याच्या जेट्टीवर टगवर खलाशी लागला. टग म्हणजे ती बुटकी, जाडजूड बोट, मोठ्या जहाजांना ओढणारी. भाईदास म्हणायचा, नदी तीच, आपल्या गावावरून आलेली, फक्त इथं येऊन खारट झालेली. त्याला ते काम आवडायचं. सहा वर्षं केलं.

दोन हजार बावीस साल. ऑगस्टची बारा तारीख, शुक्रवार. राखी आदल्या दिवशी झाली होती. दुपारी चार वाजता टग जेट्टीवरून सुटली ती एका साध्या कामाला. नदीच्या मुखाबाहेर, खुल्या पाण्यात, कोळशाचा एक बार्ज, म्हणजे माल वाहणारी सपाट मोठी बोट, चार दिवस नांगर टाकून उभा होता. जेट्टी खाली होत नव्हती म्हणून थांबवलेला. त्याच्यावरच्या पाच माणसांचं पिण्याचं पाणी संपत आलं होतं. त्यांना पाण्याचे सहा कॅन, आटा, बटाटे आणि बिडीची बंडलं पोचवायची, आणि अंधार पडायच्या आत परत यायचं.

टगवर तिघंच. सुकाणूवर किरणभाई, दांडीकडचा, पन्नाशी उलटलेला, दर्याचा जाणता माणूस. खाली इंजिनवर धम्मरत्न, भुसावळचा, कमी बोलणारा. आणि डेकवर भाईदास.

त्या बार्जवर भाईदासच्या ओळखीचा एकजण होता. योगराज. शिंदखेड्याकडचा, चाळीस-बेचाळीसचा, दंडावर आणि मनगटावर गोंदलेला, मोठ्या हाडाचा गडी. त्याची बायको कविता इथंच, दोन गल्ल्या सोडून राहायची. टग बार्जला लागली की दोघं वाकून एकमेकांना हाक मारायचे. भाईदास विचारायचा, "कसा शे भाऊ?" आणि तो म्हणायचा, "टाक दोर, मी शे ना!" त्याची बोलायची रीतच ती. काहीही सांगा, "मी शे ना." मी आहे ना, काळजी सोड, असं. सगळ्या दर्यावर आपली अहिराणी बोलणारे ते दोघंच, म्हणून तेवढ्या दोन वाक्यांनीही बरं वाटायचं.

तर टग मुखापर्यंत गेली, आणि किरणभाईनं बाहेर पाहिलं. नैर्ऋत्येला आभाळ काळं नव्हतं, पिवळट होतं. जुन्या जखमेसारखं. तो म्हणाला, "नथी जवुं. थोडं थांबू." रेडिओवर बार्जला कळवलं की सकाळी येतो. तिकडून योगराजचाच आवाज आला, पाणी आज रात्रीपुरतं आहे, काळजी नको.

साडेपाचला वारा सुटला. सहाला पाऊस आडवा यायला लागला. टग नदीत, जरा आडोशाला उभी होती, तरी तिघांना उभं राहता येईना. आणि पावणेसातला रेडिओ कडकडला. बार्जचा सारंग बोलत होता, म्हणजे त्या पाचांचा म्होरक्या. इंजिन बंद पडलंय. खालच्या खणात पाणी शिरतंय. आणि एक माणूस गेला... कोण गेला ते ऐकायच्या आत आवाज तुटला.

भाईदासनं किरणभाईकडे पाहिलं. किरणभाई सुकाणू धरून नुसता उभा होता.

"आता गेलो तर आपण चौघांसाठी तिघं घालवू," तो म्हणाला. "ओहोटी आहे, वारा उलटा आहे, मुखावर लाटा फुटतायत. पाणी फिरू दे."

"पाणी नऊला फिरेल," भाईदास म्हणाला.

"मग नऊला."

ते सव्वादोन तास भाईदासनं कसे काढले, तोच जाणे. डेकवर जायचा, आत यायचा. दोर गुंडाळायचा, सोडायचा, परत गुंडाळायचा. धम्मरत्न खालून वर येऊन एकदाच म्हणाला, "बस ना जरा, दादा." हा बसला नाही.

नऊला निघाले. तीन मैल जायला दोन तास लागले. टग लाटेवर चढायची, वर क्षणभर थांबायची, आणि मग पोटातलं सगळं वर ठेवून खाली पडायची. पौर्णिमेच्या दुसऱ्या दिवसाचा चंद्र कुठंतरी वर होता म्हणून ढगांना राखाडी उजेड होता. त्या उजेडात बार्ज दिसला. एका बाजूला झुकलेला, नांगराच्या साखळीला हिसके देणारा.

माणसं कशी काढली ते ऐका. टग बार्जला चिकटवता येत नव्हती, चिकटवली असती तर फुटली असती. किरणभाई तिला कडेला न्यायचा. लाट दोघांना एका उंचीवर आणायची, तेवढ्याच क्षणात एकानं उडी मारायची, आणि भाईदासनं त्याला छातीवर झेलून आत ओढायचं. मग टग मागं. मग पुन्हा जवळ. पहिला आला. दुसरा आला. तिसऱ्याची उडी हुकली, त्याचा पाय मध्ये सापडला, हाड मोडल्याचा आवाज भाईदासनं वाऱ्यातही ऐकला, पण हात सोडला नाही. शेवटी म्हातारा सारंग.

चार.

"योगराज?" भाईदासनं विचारलं.

सारंग भरूचकडचा. तो डेकवर गुडघ्यांवर बसला होता. "लहर ले गई," तो म्हणाला. "साडेसहाला. साखळी बघायला पुढं गेला होता. मेरे सामने ले गई."

"नक्की?"

"बेटा, मैंने देखा ना."

भाईदासनं सारंगला दंडाला धरून उठवलं. त्यांना आत नेलं, मोडलेल्या पायाला फळी बांधली. रात्रीचे बारा वाजून गेले होते. काम झालं होतं खरं तर. परत फिरायचं.

तेवढ्यात बार्जची साखळी तुटली.

आता भरती जोरात होती, वाराही त्याच बाजूचा. दीड हजार टन कोळसा घेऊन तो बार्ज सुटला तो सरळ किनाऱ्याकडे. किरणभाईनं पाहिलं आणि शिवी हासडली. समोर मुखाच्या आतल्या बाजूला खाडी आहे. वादळाचा इशारा आल्यावर मच्छीमारांच्या बोटी तिथं येऊन एकमेकींना बांधून उभ्या होत्या. तीसेक बोटी. माणसं आत झोपलेली. त्यांचे दिवे लांबून ठिपक्यांसारखे दिसत होते, आणि बार्ज त्या ठिपक्यांकडे चालला होता. तासा-दीड तासात पोचला असता.

किरणभाईनं रेडिओवर आरडाओरडा केला. कुणी उत्तर देईना. झोपलेल्या माणसांचे रेडिओ बंद.

"ओढायला पाहिजे," तो म्हणाला.

पण ओढणार कसं? रिकाम्या बार्जला दोर लागत नाही, पोरांनो. आधी इकडून पातळ दोरी फेकायची, तिच्या टोकाला वजन असतं. तिकडच्या माणसानं ती धरायची. तिच्या मागून मनगटाएवढा जाड रस्सा जातो, तो तिकडून ओढून घ्यायचा आणि त्याचा फास लोखंडी खुंट्याला अडकवायचा. ओला रस्सा ओढायला तीन माणसं लागतात. आणि बार्जवर तर एकही नव्हता.

"मी उडी मारतो," भाईदास म्हणाला.

"एकट्यानं रस्सा येणार नाही तुझ्यानं."

"मग काय बघत बसायचं?"

किरणभाईनं बार्जकडे पाहिलं. मग म्हणाला, "आधी दोरी टाक. कठड्यात अडकली तर अडकली. नाही अडकली तर... जा."

एक वाजून दहा मिनिटं. ही वेळ भाईदासला पाठ आहे, कारण किरणभाईनं ती वहीत लिहायला सांगितली होती. टग बार्जच्या पुढच्या टोकाखाली आली. सर्चलाइट लावलेला, पण पाण्याचे इतके फवारे उडत होते की उजेड भिंतीवर पडल्यासारखा तिथंच थांबायचा. पलीकडे काही दिसत नव्हतं. भाईदासनं दोरी गरगर फिरवली आणि त्या पांढऱ्या भिंतीत फेकली.

दोरी गेली. ताणली नाही. सैल पडली.

तो ती परत ओढायला लागला. हातभर आली.

आणि मग अडली.

अडकली, त्याला वाटलं. कठड्यात अडकली.

मग दोन हिसके आले. हलके. एक... दोन.

दोरी मिळाली की तिकडचा माणूस असेच हिसके देतो.

भाईदासचे हात तिथंच थांबले. दोरी त्याच्या बोटांमधून पुढं सरकायला लागली. लाटेनं ओढल्यासारखी नाही. लाट एकदम ओढते आणि सोडते. ही हातभर सरकायची. थांबायची. हातभर सरकायची. थांबायची. एकामागून एक हात टाकून कुणी ओढावी तशी.

"किरणभाई!" तो ओरडला. "माणूस आहे! योगराज आहे!"

वरून किरणभाईचा आवाज आला. "त्यां कोण छे? अरे, कोण छे?"

आत बसलेला सारंग दारापर्यंत सरपटत आला. त्यानं ती सरकणारी दोरी पाहिली. परत आत गेला, आणि दार लावून घेतलं.

भाईदासला त्या वेळी भीती वाटली नाही. हे त्यानं मला दोनदा सांगितलं. त्याला आनंद झाला होता. योगराजला लाटेनं नेलं नव्हतं, आपटलं होतं. कुठंतरी कोपऱ्यात धरून पडला असणार, अंधारात ह्या लोकांना दिसला नसणार. धम्मरत्न इंजिनवरून धावत वर आला, त्यानंही पाहिलं, म्हणाला, "माणूसच आहे. जिवंत आहे. रस्सा सोड!" दोघांनी जाड रस्सा पाण्यात सोडला.

रस्साही गेला.

तसाच. हातभर... थांबून... हातभर. ज्याला तीन माणसं लागतात तो रस्सा.

आणि मग, फवाऱ्यांच्या मागून, फार लांबून नाही, आवाज आला.

"टाक... मी शे ना..."

भाईदासनं ऐकला. धम्मरत्ननं फक्त वारा ऐकला. तो आजही तेच सांगतो.

मग तीन हिसके. बांधलं, असा त्याचा अर्थ.

किरणभाईनं टग पुढं घेतली. रस्सा पाण्यातून वर आला, ताठ झाला, कण्हला. टगचं इंजिन असं ओरडायला लागलं की धम्मरत्न खाली पळाला. पाच मिनिटं काहीच झालं नाही. दोघंही खाडीकडेच जात होते, बार्ज टगला मागं खेचत होता. दिवे मोठे होत चालले. भाईदासला बोटींवरच्या कुत्र्याचं भुंकणं ऐकू आलं. मग एकेका बोटीवर माणसं उभी राहायला लागली, हात हलवायला लागली. एक बाई कडेवरचं मूल घेऊन उभी होती, तिचं तोंड उघडं होतं पण आवाज पोचत नव्हता.

बार्जचं टोक वळलं. हळू. फार हळू. शेवटच्या बोटीपासून चाळीस पावलांवरून तो काळा डोंगर सरकत गेला आणि बाहेर पडला.

तीनच्या सुमाराला भरतीचं पाणी थांबलं. किरणभाईनं बार्ज आडोशाला आणून टगशेजारी लावला. वाराही उतरला होता. भाईदासनं कुणाला विचारलं नाही. बॅटरी घेतली, पाण्याची बाटली घेतली आणि बार्जवर चढला.

"योगराज! ओ योगराज!"

उत्तर नाही.

पुढं गेला. रस्सा खुंट्याला होता. फास बरोबर बसवलेला. तो निसटू नये म्हणून वरून पातळ दोरीचे आडवे वेढे घातलेले, घट्ट, नेटके, एकावर एक नाही, शेजारी शेजारी. घाईत बांधल्यासारखे नाहीत.

"योगराज..."

केबिन पाहिली. खाटा ओल्या. इंजिनची खोली पाहिली. गुडघाभर पाणी. कोळशाच्या ढिगाभोवती फिरला, वर चढला, खाली उतरला. बार्ज केवढा तो, पाऊण तासात इंच न् इंच झाला. कुणी नाही.

तो परत पुढच्या टोकाला आला. खुंट्याजवळ टेकला. दमला होता. बॅटरी विझवली, कारण सेल संपत आले होते.

आणि त्याला श्वास ऐकू आला.

स्वतःचा, असं वाटलं. त्यानं श्वास रोखला.

तो... थांबला नाही.

जड काम करून दम लागलेल्या माणसाचा श्वास. छातीतून, तोंडानं घेतलेला. खुंट्याच्या पलीकडच्या बाजूला. हात लांब केला असता तर लागला असता, इतक्या जवळ.

भाईदासनं हात लांब केला नाही.

"भाऊ...?" तो म्हणाला.

श्वास थांबला.

पाणी बार्जच्या पोटाला लागत होतं. चप... चप... दुसरं काही नाही.

मग डेकवर काहीतरी ओलं टेकल्यासारखं झालं. एकदा. पुन्हा, जरा लांब. पुन्हा... आणखी लांब. कठड्यापर्यंत.

पुढं... काही नाही.

पाण्यात काही पडल्याचा आवाजही नाही.

किरणभाईनं सहाला त्याला हाका मारून खाली आणलं. हा तिथंच बसून होता, रश्श्यावर हात ठेवून.

सकाळी साडेसातला मगदल्ल्याला लागले. जेट्टीवर गर्दी. चौघांना उतरवलं, मोडक्या पायवाल्याला गाडीत घातलं. भाईदास एका हवालदाराला धरून सांगायला लागला, "साहेब, पाचवा माणूस बार्जवर होता. त्यानं दोर घेतला. तो तीननंतर परत पाण्यात पडला असणार, बोटी पाठवा, जिवंत असेल."

हवालदार त्याच्याकडे बघत राहिला. "कोण, योगराज ना? शिंदखेड्याचा?"

"हो."

"अरे भाई, तो तर रात्रीच मिळाला. डुमसच्या किनाऱ्याला लागला होता. सव्वाअकराला. बाराच्या आत दवाखान्यात नेला, थंड खोलीत ठेवून कुलूप लावलं. मीच तर होतो."

भाईदासनं विचारलं, "किती वाजता?"

"सांगितलं ना, सव्वाअकरा." हवालदारानं मोबाइल काढला. ओळख पटायला फोटो घेतलेले होते. मनगटावर गोंदलेलं नाव दिसावं म्हणून दोन्ही हात उताणे करून, जवळून काढलेले. वर वेळ होती, अकरा बेचाळीस. मनगटावर 'कविता'. तळवे पाण्यानं पांढरे पडलेले, सुरकुतलेले, स्वच्छ. एक ओरखडा नव्हता.

भाईदासनं फोटो मोठा करून पाहिला. परत दिला.

दहा वाजता दवाखान्यात कविता आली, तिचा भाऊ आला, गल्लीतले चार-पाच लोक आले. मीही होतो. ती दाराशीच खाली बसली, आत जायचा धीर होईना. कुणीतरी जवळच्यानं आत जाऊन, ओळखून सही करावी लागते. भाऊ लहान, रडत होता. भाईदास म्हणाला, "मी जातो." दवाखान्याच्या माणसानं कुलूप उघडलं, गाडा बाहेर ओढला आणि बाजूला झाला.

भाईदासनं आधी तोंड पाहिलं. शांत होतं. त्याला जे बोलायचं होतं ते त्यानं तिथं बोलून घेतलं, खाली वाकून, आपल्या भाषेत. म्हणाला, भाऊ, दोर सुटला नाही. खाडीतले सगळे वाचले. आता तू जा.

मग हात चादरीबाहेर राहिला होता, तो आत सारायला म्हणून त्यानं उचलला.

मूठ मिटलेली होती. त्यानं ती उघडली.

मी दारात होतो. तो वळला, आणि मला नुसतं बोटानं बोलावलं. मी पाहिलं. नंतर दुसरा हातही पाहिला.

दोन्ही तळव्यांची कातडी सोलून निघाली होती. आडवा पट्टा, मनगटाएवढा रुंद. रस्सा ओढताना निघते तशी.

आणि ते... अजून ओलं होतं.